ऊन दाखवलेली केबल

गच्चीवर केबल वाळत घातली म्हणून जिची समितीपुढे उलटतपासणी झाली, अशी बाई अख्ख्या देशात मी एकटीच असेन. नऊ वर्षं झाली त्याला. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता जो भेटेल त्याला सांगत सुटते. आमचे हे म्हणतात, तेच ते किती वेळा? मी म्हणते, ऐकायचं नसेल तर पेपर वाचा.

मी वासंती झोपे, जळगावची. आडनावावर जाऊ नका. बावीस वर्षं मी वीज कंपनीत केबल जॉइंटर होते आणि त्या बावीस वर्षांत मला धड झोप मिळाली नाही. जमिनीखालची केबल कुठे फुटली की खड्ड्यात उतरायचं, फुटका तुकडा कापायचा, दोन्ही टोकं सोलायची, तार जोडायची आणि वर थरावर थर आवरण चढवायचं. हे आमचं काम. सोलताना आवरणावर नखाएवढा ओरखडा राहिला, किंवा घामाचा एक थेंब आत गेला, तरी तो जॉइंट चार-दोन वर्षांत दगा देणार हे ठरलेलं. खड्ड्यात बाई उतरलीय हे बघायला लोक गोळा व्हायचे. मी खालूनच सांगायची, बघताय काय नुसते, चहा सांगा.

पुढे गुडघे गेले आणि मी घरी बसले. तेव्हा थोरल्या नणंदबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉ. हेमांगी वायकोळे, आमच्या हेमाताई. त्या पॉलिमरच्या, म्हणजे सोप्या भाषेत प्लास्टिकच्या, शास्त्रज्ञ. गावाबाहेर त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. म्हणाल्या, गुडघे गेले तर गेले, हात आहेत ना? मला केबलचे नमुने सोलायला चांगले हात हवेत.

लग्नाला तीस वर्षं होऊनही माझं आणि हेमाताईंचं कधी गूळपीठ नव्हतं. त्या शिस्तीच्या, मी अंदाजाची. त्यांच्या प्रयोगशाळेत एक जाडजूड वही होती आणि जे काही होईल ते त्या वहीत लिहायचं असा कायदा होता. टाकीतलं पाणी बदललं, लिहा. खिडकी उघडी राहिली, लिहा. एकदा माझ्या हातून टेबलावर चहा सांडला, तोही लिहायला लावला. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नोंद नाही, म्हणजे घडलं नाही." दिवसातून दहादा ऐकून माझे कान किटले होते.

ही गोष्ट दोन हजार बेचाळीस सालची. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावोगावी खांब काढून तारा जमिनीखाली घातल्या, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण एकाच वेळी पुरलेल्या केबली म्हाताऱ्याही एकाच वेळी झाल्या. त्यात प्रत्येक दारात विजेवर चालणारी गाडी आली, घरोघरी थंड हवेची यंत्रं आली, गच्ची न् गच्ची सौर पट्ट्यांनी भरली. त्या बिचाऱ्या केबलींवर पूर्वीच्या तिप्पट भार पडला. उन्हाळा आला की रोज कुठे ना कुठे फट्ट व्हायचं. सगळ्या बदलायच्या म्हणजे देशातला प्रत्येक रस्ता उकरायचा, आणि एवढं तांबं आणि प्लास्टिक आणायचं कुठून? सगळे डोक्याला हात लावून बसले होते.

केबल का फुटते, ते हेमाताईंनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं. जुन्या केबलच्या आवरणाची पापडाहून पातळ चकती कापून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी डोळा लावला आणि बघतच राहिले. आत चक्क झाड होतं. बुंधा, फांद्या, फांद्यांना डहाळ्या. बावीस वर्षं ज्याच्यापायी खड्ड्यात उतरले, तो चोर मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

हेमाताईंनी समजावलं ते असं. तारेभोवतीचं आवरण पॉलिथिनचं, म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचं. जमिनीतली ओल वर्षानुवर्षं त्यात शिरते आणि बारीक बारीक भेगा पाडते. अशा भेगेत विजेचा दाब एकवटला की काही इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात आणि साखळ्या तोडत जातात. तुटलेल्या जागी दाब आणखी वाढतो, तिथून नवी फांदी फुटते. फांदी तारेपासून बाहेरच्या सालीपर्यंत पोचली की केबल संपली.

यावर त्यांचा उतारा म्हणजे एक द्रव. त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता, म्हणून मीच त्याला राखणदार म्हणायला लागले. त्याच्या रेणूत कड्यांसारखे भाग होते. धावत आलेल्या इलेक्ट्रॉनचा जोर ते कडं स्वतःवर घ्यायचं, जराशी ऊब होऊन तो जोर विरून जायचा आणि कडं पुन्हा होतं तसं. साखळीला धक्का नाही. नव्या केबलच्या प्लास्टिकमध्ये असलं काही मिसळणं सोपं. हेमाताईंचा हट्ट जमिनीतल्या जुन्या केबली वाचवायचा होता. केबलची तार म्हणजे पीळ घातलेल्या अनेक तारा, त्यांच्यामध्ये बारीक फटी असतात. एका टोकाने त्या फटींतून राखणदार भरायचा. तो आतून बाहेर आवरणात शिरणार, तिथली ओल शोषणार आणि मग एकमेकांत गुंफून कायमचा तिथेच राहणार.

कागदावर सगळं झकास होतं. प्रत्यक्षात राखणदार आवरणात शिरायचा तो चार आणे. भट्टीत नव्वद अंशांवर ठेवून बघितलं, तर शिरण्याआधीच रेणू एकमेकांना चिकटून गोळे झाले. तेव्हापासून हेमाताईंनी उष्णतेचं नावच टाकलं. भरलेले नमुने थंड खोलीत वीस अंशांवर ठेवायचे, वीस दिवस. मी एकदा म्हटलंही, ताई, हे मुरत नाहीये. त्या म्हणाल्या, मुरणं हा शब्द लोणच्याला ठेव.

वीस वर्षं त्या या एका द्रवापाठी होत्या. संसार, मुलाचं शिक्षण, सगळं त्याच्या अवतीभवती झालं. आणि आता शासनाच्या समितीने कळवलं होतं की ही शेवटची चाचणी. यातही यश आलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप. सहा वेटोळी राखणदार भरलेली, सहा न भरलेली, सगळी एकाच जुन्या केबलमधून कापलेली. त्यांची टोकं मी सोलली होती, माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर टोकं.

एप्रिलमध्ये हेमाताई आठवडाभर दिल्लीला गेल्या आणि मागे नेमकी आमच्या रस्त्याची केबल फुटली. हसावं की रडावं? केबल वाचवायच्या प्रयोगशाळेत चार दिवस वीज नाही. थंड खोली बंद पडली, भिंतींना पाणी सुटलं आणि भरलेल्या सहा वेटोळ्यांवर दव साचलं. दुसऱ्या दिवशी त्यांवर पांढरी बुरशी दिसायला लागली. केबलला ओल लागलेली जॉइंटरला बघवत नाही. आमच्यात पहिला नियम तोच, आधी कोरडं कर, मग बाकीचं.

आता एक कबूल करायचं राहिलं. प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या सौर पट्ट्या दुरुस्तीला गेल्या होत्या आणि मोकळी गच्ची हल्ली कुठे मिळते? आमच्या घराच्या गच्चीवर तर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी दोन दिवस आधी तिथे जुन्या लुगड्यावर बिबडे घातले होते. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखेच, उन्हाळ्यात आमच्याकडे ते झालेच पाहिजेत. ते वाळत आले होते. मी ते एका बाजूला सारले आणि त्याच लुगड्यावर सहाही वेटोळी मांडली. चार दिवस त्यांना ऊन दाखवलं. मग स्वच्छ पुसून जागच्या जागी ठेवली.

वहीत लिहिलं का? नाही लिहिलं. देवाशपथ सांगते, माझ्या मनातही आलं नाही. गादीला ऊन दाखवलं, डाळीला ऊन दाखवलं, याची कुणी नोंद करतं का? वहीत तेरा तारखेनंतर एकदम अठरा तारीख आली आणि मधली अर्ध्या पानाची जागा तशीच कोरी राहिली. वीज नव्हती म्हणून कामही बंद होतं, असं ताईंनी परतल्यावर धरून घेतलं.

मे महिन्यात चाचणी लागली. नेहमीच्या चौपट दाब, चोवीस तास. न भरलेली सहा वेटोळी दोन दिवसांत एकामागून एक फुटली. भरलेली सहा मात्र उभीच. आठवडा झाला, पंधरवडा झाला, महिना झाला, एकही फुटेना. हेमाताई रोज सकाळी येऊन आकडे बघायच्या आणि खुर्चीत बसून राहायच्या. मला वाटलं, आनंदाने. नंतर कळलं, त्या घाबरल्या होत्या. इतकं चांगलं का आलं, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

समिती आली ती संशय घेऊनच. अध्यक्ष डॉ. तांबट बारीक चणीचे, मृदू बोलणारे, पण नजर पक्की सोनाराची. आधीचे निकाल चार आण्याचे आणि यावेळी एकदम सोळा आणे, हे कसं, असं त्यांनी विचारलं. हेमाताईंनी पुन्हा तेच आकडे पुढे केले. दुसरा एक सदस्य तर तोंडावरच म्हणाला की कुठेतरी पाणी मुरतंय, ही वेटोळी नव्या केबलची असणार. तेवढ्यात तांबटांनी एक वेटोळं हातात घेतलं आणि बांधलेल्या पट्टीखालून नखाने काहीतरी खरवडून काढलं. पांढरट, पातळ, कडक.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी दोन पावलांवर उभी होते. बघताक्षणी ओळखलं. बिबड्याची कड होती ती.

खरं सांगू? एक क्षण मी हिशेब केला. बोलले तर चाचणी बाद, कारण नमुने नियमाबाहेर हाताळले होते. चाचणी बाद म्हणजे प्रयोगशाळेला कुलूप. न बोलले तर हेमाताई लबाड ठरणार. आणि ती बाई आणखी काहीही असो, लबाड नव्हती. सांडलेल्या चहाची नोंद करणारी बाई ती. माझ्यामुळे तिच्या नावाला बट्टा लागलेला मला सोसवला नसता.

"ज्वारीचा बिबडा आहे साहेब," मी म्हटलं. "चूक माझी. ताईंना यातलं काही माहीत नाही."

मग मी सगळं सांगितलं. वीज, बुरशी, लुगडं, चार दिवसांचं ऊन. एक सदस्य हसू दाबत होता. तांबट हसले नाहीत. शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले की फसवणूक झालेली दिसत नाही, पण चाचणी रद्द धरावी लागेल, प्रकल्प महिनाअखेर बंद. हेमाताई माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या.

त्या दिवशी आमच्या घरी येऊन त्या मला जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. आवाज न चढवता बोलल्या, त्याचंच जास्त लागलं. "वीस वर्षं मी एकेक अंश मोजला वासंती, आणि तू ते बिबड्यांबरोबर वाळत घातलंस." आमचे हे बहीण आणि बायकोच्या मध्ये पेपर उघडून बसले होते, पान काही उलटलं नाही. माझंच चुकलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी फोन आला. "प्रयोगशाळेत ये. आत्ता." मला वाटलं, सामान आवरायला बोलावलंय. गेले तर खाली कोणी नाही. गच्चीवर गेले तर हेमाताई अनवाणी उभ्या, पाय भाजतायत म्हणून एकदा हा उचलतायत, एकदा तो. समोर माझंच लुगडं अंथरलेलं, त्यावर काळ्या केबलचा तुकडा आणि त्यात खुपसलेला तापमापक.

"सदुसष्ट," त्या म्हणाल्या. "बाहेर चव्वेचाळीस आहे, पण या काळ्या सालीच्या आत सदुसष्ट. वासंती, मी वीस अंशांवर बघितलं, नव्वदवर बघितलं. मधे कधी बघितलंच नाही ग."

मग तिथेच उन्हात त्यांनी मला सांगितलं. सदुसष्टला प्लास्टिकच्या साखळ्या सैलावतात आणि राखणदार चाळीसपट वेगाने आत शिरतो. गोळे व्हायला मात्र एवढी उष्णता पुरत नाही. रात्री गार झालं की साखळ्या पुन्हा आवळतात, आत गेलेला बाहेर येत नाही. दिवसा सैल, रात्री घट्ट. चार दिवसांच्या उन्हात दीड महिन्याचं काम झालं होतं. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "मुरलं ग. तू म्हणत होतीस तेच. मुरलं."

मी त्यांना आधी सावलीत ओढलं, पायांवर पाणी ओतलं. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला त्यांच्यासाठी काहीतरी करू दिलं.

पण पुरलेल्या केबलला ऊन कसं दाखवणार? हेमाताई याच विचारात गढल्या होत्या आणि मला हसू यायला लागलं. आम्ही जॉइंटर लोक ओली केबल कशी सुकवायचो? केबलीत अशा पिळाच्या तीन तारा असतात, त्या एका टोकाला एकत्र बांधायच्या आणि दुसऱ्या टोकाने प्रवाह सोडायचा. दाब अगदी कमी, म्हणून फुटायची भीती नाही. प्रवाह भरपूर, म्हणून तार आतून तापते. मी म्हटलं, ताई, बाहेरून नाही, आतून ऊन दाखवू. दिवसभर प्रवाह चालू, रात्री बंद. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगीचच पदर सारखा करावासा वाटला.

तांबटांना जाऊन भेटलो. आकडे त्यांनी दोनदा तपासले. मग म्हणाले, एक संधी देतो, पण केबल मी निवडणार. आणि निवडली ती नेमकी नदीवरच्या पंपांना वीज नेणारी, वर्षात अकरा वेळा फुटलेली, मधे सात जॉइंट असलेली. फुटली तर अर्ध्या गावाला पाणी नाही, आणि हेमाताईंचं नाव पुन्हा कोणी घेणार नाही. पंप तात्पुरते बॅटऱ्यांवर ठेवले. सहा दिवस आम्ही त्या केबलला ऊन दाखवलं. या वेळी प्रत्येक तासाची नोंद वहीत होती, माझ्या अक्षरात.

सातव्या दिवशी सकाळी परीक्षा. नेहमीच्या अडीचपट दाब, सलग एक तास. केबलच्या पोटातली बारीकशी तडतडही ऐकणारं यंत्र लावलं होतं. भरण्याआधी त्याच्या पडद्यावर नुसता काट्यांचा गुंता दिसायचा. आता रेघ सपाट होती. दहा मिनिटं, वीस, तीस. एकेचाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर एक काटा उसळला. पाठोपाठ दुसरा.

तांबटांनी अंतर बघितलं. "चौथा जॉइंट. कुणाच्या हातचा आहे?"

"माझ्या," मी म्हटलं. तो जॉइंट मी भर सप्टेंबरात, कमरेएवढ्या चिखलात उभी राहून केला होता. त्या दिवशी एक घामाचा थेंब आत गेला असेल का, हे मला आजवर माहीत नाही. हेमाताईंनी माझा हात धरला आणि सोडला नाही. तिसरा काटा आला, तो पहिल्या दोघांपेक्षा लहान होता. चौथा त्याहून लहान. मग रेघ पुन्हा सपाट झाली आणि सपाटच राहिली. राखणदार माझ्या चुकीवरही जाऊन उभा राहिला होता.

तास भरला. तांबटांनी दाब उतरवायला सांगितला, घड्याळ बघितलं आणि हेमाताईंपुढे चक्क हात जोडले. पंप सुरू झाले तेव्हा मी आणि हेमाताई नदीच्या कट्ट्यावर लहान मुलींसारख्या पाय हलवत बसलो होतो आणि सारखं हसू येत होतं.

आता नऊ वर्षांत ती केबल एकदाही फुटलेली नाही. हिशेबाने अजून साठ वर्षं फुटणार नाही. गुवाहाटीपासून कोचीपर्यंत हजारो मैल केबलींना आतून ऊन दाखवून झालंय. परवा दूरदेशच्या एका इंजिनीअर बाईचा फोन आला. तिला मराठीचा गंध नाही, पण यंत्र लावताना तिची माणसं एकमेकांना विचारतात, "ऊन दाखवलं का?" तेवढे शब्द तिने स्पष्ट म्हणून दाखवले. खड्डे मात्र उरले नाहीत. जॉइंटरांना आता केबल भरायचं काम शिकवतात, आणि ते शिकवायला मी जाते, गुडघे कुरकुरले तरी.

पण मला आठवतो तो परीक्षेच्या दिवशीचा दुपारचा चहा. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. हेमाताईंनी ती जाड वही काढली, पानं मागे मागे उलटली आणि तेरा आणि अठरा एप्रिलच्या मधल्या कोऱ्या जागेवर येऊन थांबल्या. मागची नोंद पुढून करणं त्यांच्या कायद्यात सगळ्यात मोठा गुन्हा. त्यांनी पेन उघडलं. आधी आजची तारीख घातली, पुढे लिहिलं, "उशिरा केलेली नोंद." आणि खाली, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात: "१४ ते १७ एप्रिल. नमुने क्र. १ ते ६ गच्चीवर. वासंतीने ऊन दाखवलं."

सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"आता घडलं," त्या म्हणाल्या.